रूपहीन ख्रिस्त

फ्रान्समधील आल्प्स पर्वताच्या उतारावर आसी नांवाचें गांव आहे. एकेकाळीं तें क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठीं प्रसिद्ध होतें. त्या रोग्यांसाठीं बांधलेल्या चर्चची प्रतिष्ठापना १९५० सालीं झाली. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतून त्या काळीं कारखान्यांत घडविलेल्या गुळगुळीत, गोंडस मूर्तींची रेलचेल होती. ही निर्जीवता घालविण्यासाठीं फादर कुतुरिए या धर्मगुरूंनीं एक धाडस केलें. श्रद्धाळु पण प्रतिभाहीन कारागिरापेक्षां अश्रद्ध पण प्रतिभावान् कलावंत बरा, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणून कांचचित्रें श्रद्धावान् रुओ यांचीं, तर दर्शनी भिंतीवरील रंगीत जडावकाम साम्यवादी लेजे यांचें!

वादळ उठलें तें मात्र जर्मेन रिशिए या शिल्पकर्त्रीच्या ब्राँझच्या क्रूसमूर्तीवरून. तिच्या ख्रिस्ताला नाकडोळे नाहींत. झिजलेला देह वठलेल्या लांकडासारखा क्रूसाशीं एकरूप झाला आहे. ही विटंबना आहे, असा गहजब झाला आणि १९५१ सालीं बिशपांच्या आज्ञेनें मूर्ति वेदीवरून हलविण्यांत आली. परंतु यशया संदेष्ट्यानें वर्णिलेला दुःखभोगी सेवकही रूपहीनच आहे. रोगानें झिजणाऱ्या माणसाला गोंडस ख्रिस्त काय धीर देणार? पुढें कित्येक वर्षांनीं मूर्ति पुन्हां वेदीवर आली. भक्तीला सुंदर रूप प्रिय असतें, हें खरें. पण दुःखाचें खरें रूप पाहण्याचें टाळणारी भक्ति अपुरीच राहते.