शिक्षकांचा सूर आणि यंत्राचा कान

शिक्षक कोणत्या सुरात बोलतात, याचे मोजमाप करण्याचा प्रयत्न संगणकाच्या आधीपासून चालत आला आहे. अमेरिकेतील नेड फ्लँडर्स यांनी १९६०च्या दशकात त्यासाठी दहा रकाने ठरवले. सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. बी.एड. केलेल्यांना ते आठवत असतील. निरीक्षक दर तीन सेकंदांनी एक आकडा टिपत असे. म्हणजे पाऊण तासाच्या तासिकेत नऊशे नोंदी! त्यातला पहिला रकाना मुलांच्या भावना समजून घेण्याचा होता.

हेच काम आता यंत्राकडे सोपवले जाते. तासिकेचे ध्वनिमुद्रण आधी मजकुरात उतरते. मग त्यात कौतुकाचे, रागाचे, धीर देणारे शब्द किती, हे मोजले जाते. आवाजाची पट्टी, जोर, वेग आणि मधली विरामस्थळे यांचे विश्लेषण वेगळे होते.

खरी अडचण येथेच आहे. उशिरा आलेल्या मुलाला बाई म्हणतात, ‘या, शहाणे!’ यंत्राच्या शब्दयादीत ‘शहाणे’ हा शब्द कौतुकाचा आहे, वर्गात मात्र तो टोमणा ठरतो. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचण्यासाठी चढवलेला आवाज यंत्राला राग वाटू शकतो. शिवाय यंत्रे पुष्कळदा नटांनी वठवलेल्या भावनांवर शिकलेली असतात. बर्लिनचा प्रसिद्ध ध्वनिसंग्रह दहा नटांच्या आवाजात आहे.

त्यापेक्षा भरवशाचे काम भावना सोडून संवादाकडे पाहणाऱ्यांनी केले आहे. अमेरिकेतील चौथी-पाचवीच्या गणिताच्या १,६६० तासिकांचे लिखित संवाद संशोधकांसाठी उपलब्ध आहेत. मुलाने दिलेले उत्तर शिक्षक पुढे नेतात की ‘बरोबर’ म्हणून सोडून देतात, हे त्यांवरून तपासता येते. आपुलकीचा हा पुरावा आवाजाच्या पट्टीपेक्षा पक्का.

मराठीत पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२१ मध्ये भावछटा नोंदवलेला संग्रह तयार केला, पण तो ट्विटरवरील मजकुराचा आहे. वर्गातील बोलीमिश्रित मराठी त्याहून फार वेगळी.

युरोपीय संघाने शाळांत आणि कामाच्या ठिकाणी चेहरा किंवा आवाजावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली; वैद्यकीय व सुरक्षेची कारणे तेवढी वगळली. ही सावधगिरी रास्त आहे. यंत्राने केलेले सुराचे विश्लेषण शिक्षकाच्या हाती पडले तर उपयोगी ठरेल. शिक्षकाच्या गोपनीय अहवालात मात्र त्या विश्लेषणाला जागा नसावी.