खरखर कुठून येते?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या पार्किंगमध्ये भरलेल्या सायकल शिबिरात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



कमिटीने मला सांगितलं, "काका, पंधरा मिनिटं बोला, पण मुलांच्या कामाचं बोला." मी आयुष्यभर फिटरची नोकरी केली. मशीनसमोर तोंड उघडतं, माइकसमोर बंद होतं. म्हणून आमच्या धाकट्याची सायकल इथे स्टँडवर लावली आहे. तिच्याकडे बघूनच बोलतो.

ही शर्यतीची सायकल, म्हणजे रोड बाइक. पुढे दोन चेनव्हील, एक मोठं, एक छोटं. चेन एकावरून दुसऱ्यावर ढकलतो तो हा पुढचा डिरेलर. दोन पत्र्याच्या पट्ट्या, मधून चेन जाते. चेन या पट्टीला किंवा त्या पट्टीला घासली की खरखर येते. आज बोलायचं ते एवढ्या आवाजावर.

आता माझी चूक सांगतो. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे, पण अर्धीच. दोन वर्षांपूर्वी धाकटा म्हणाला, "बाबा, मोठ्या चेनव्हीलवर घेतली की खरखर येते. दुकानात दाखवतो." मी म्हटलं, "तीस वर्षं फिटर होतो मी, दुकान कशाला?" डिरेलरवर दोन छोटे स्क्रू दिसले. एक पिळला, काही नाही. दुसरा दोन फेरे ढिला केला, आवाज बंद! मी खूश, तो खूश.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे तो वाशीला जाऊन परत येत होता. खाडीपुलाचा चढ संपला, उतार येणार म्हणून त्याने उभं राहून मोठ्या चेनव्हीलवर चेन घेतली. चेन चेनव्हीलवर थांबलीच नाही, पलीकडे बाहेर पडली. पेडल एकदम रिकामं फिरलं आणि पोरगा डांबरावर. मागून गाडी नव्हती, हे आमचं नशीब. खांद्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात. सगळ्यांना वाटलं, रस्ता खराब असेल. रस्ता चांगला होता. तो स्क्रू मी ढिला केला होता.

तो स्क्रू म्हणजे कुंपण आहे, मुलांनो. डिरेलरने बाहेर कुठवर जायचं ते एच लिहिलेला स्क्रू ठरवतो, आत कुठवर यायचं ते एल लिहिलेला. मी आवाज बंद करायला कुंपणच काढून टाकलं. आणि मूळ दोष? पार्किंगमध्ये कोणाची तरी स्कूटर सायकलवर कलंडली होती. त्या धक्क्याने डिरेलर जागेवरच थोडा तिरका फिरला होता. पट्टी वाकडी, म्हणून चेन घासत होती. स्क्रूचा काही संबंध नव्हता.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. तो आज तुम्हाला देतो.

पहिलं, पाना हातात घेण्याआधी बघा, आवाज नेमका कुठल्या गिअरला येतो. पुढे मोठं आणि मागेही सगळ्यात मोठं, किंवा पुढे छोटं आणि मागेही सगळ्यात छोटं, अशा वेळी चेन तिरपी धावते. मग ती घासणारच. तो सायकलचा दोष नाही, आपल्या चालवण्याचा आहे. मागचा गिअर एक-दोन घर बदला. काही लिव्हरना अर्धा क्लिकही असतो, पट्टी किंचित सरकवायला. तो वापरला तरी पुष्कळदा काम होतं.

दुसरं, पेडल हळू फिरवा. पेडलच्या एका फेऱ्यात एकदाच घासत असेल, तर चेनव्हील वाकडं आहे किंवा मधला बेअरिंग ढिला आहे. स्क्रू कितीही पिळा, उपयोग नाही.

तिसरं, डिरेलरची जागा. पट्टी हाताने मोठ्या चेनव्हीलच्या वर आणा. बाहेरच्या पट्टीची खालची कड आणि दाते यांच्यात १ ते ३ मिलिमीटर फट हवी. एक रुपयाचं नाणं न अडकता सरकलं पाहिजे. मग वरून डोळा लावून बघा. पट्टी चेनव्हीलला समांतर हवी. नसेल तर ॲलन की ने बोल्ट थोडा सैल करा, सरळ करा, आवळा. आमच्या सायकलचं दुखणं इथेच होतं.

चौथं, आतलं कुंपण. केबल सैल सोडा. चेन पुढे छोट्या आणि मागे सगळ्यात मोठ्या चक्रावर घ्या. आतली पट्टी चेनला लागू नये, पण अर्धा मिलिमीटरच लांब असावी. तेवढं एल स्क्रूने करा, एका वेळी पाव फेरा. स्क्रू आवळला की डिरेलरचा त्या बाजूचा प्रवास आखडतो, सैल केला की वाढतो.

पाचवं, केबल ताणून बांधा. नवी केबल थोडे दिवस चालवली की बसते आणि ढिली पडते. मग चेन मोठ्या चेनव्हीलवर चढायला कुरकुरते. तेव्हा फक्त केबलचा ताण वाढवायचा, कुंपणाला हात लावायचा नाही.

सहावं आणि शेवटचं, बाहेरचं कुंपण. पुढे मोठं, मागे सगळ्यात छोटं. बाहेरची पट्टी चेनपासून अर्धा मिलिमीटर. मग दहा वेळा वर-खाली गिअर टाकून बघा, आणि मगच रस्त्यावर न्या.

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. पायात दम लागतोच. पण ऐन चढावर चेन उतरली तर तो दम काय कामाचा?

अपघातानंतर आठ महिने धाकट्याने मला सायकलला हात लावू दिला नाही. बोलला काही नाही, पण सायकल पार्किंगमधून उचलून घरात, गॅलरीत ठेवायला लागला. मीही विषय काढला नाही. शेवटी एका रात्री मी त्याला वरचं सगळं सांगितलं. स्क्रू मी ढिला केला, कारण मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग आतून ॲलन की चा सेट आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चला, दोघं मिळून बघू." त्या रात्री साडेबारापर्यंत आम्ही गॅलरीत बसलो होतो.

आज सकाळी वाशीला निघताना त्याने विचारलं, "बाबा, बघितलीत ना?" मी म्हटलं, "बघितली. पण तूही एकदा बघ."

मुलांनो, दर रविवारी सकाळी आठ ते दहा मी इथे खाली बसेन. खरखर येत असेल तर सायकल घेऊन या. स्क्रू तुम्ही पिळायचा, मी शेजारी बसणार.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा.