समेट कोणाचा आणि कोणाशी?



रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या वाडीचा सातबारा उतारा हाती घेतला, तर त्यावर पिकांहून नावेच अधिक आढळतात. पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यांतील कित्येक मयत, कित्येक मुंबईत चाकरमानी, आणि प्रत्यक्ष वहिवाट मात्र गावात राहिलेल्या एकाच भावाची. जमीन सामाईक, कलमे सामाईक, घरही सामाईक. म्हणून कर्ज मिळत नाही, नवी लागवड होत नाही आणि ढासळलेली भिंत कोणी उभी करीत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हे गोठलेले भांडवल होय. गावाच्या भाषेत ती भावकी.

ही कोंडी फोडण्याचा राजमार्ग म्हणजे वाटपाचा दावा. परंतु हुकूमनामा झाला म्हणजे वाटप झाले असे नव्हे. साऱ्याच्या जमिनीची सरसनिरस वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेथून मोजणीला, आणि तोवर मूळ वादी-प्रतिवादींच्या जागी त्यांचे वारस उभे असतात. अशा वेळी लवाद व मध्यस्थी यांची वाट माणसाला आकर्षक वाटली तर नवल नाही.

ही वाट परकीही नाही. १८७० नंतरच्या दशकात पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी लवाद कोर्टाचा प्रयोग केला. दख्खनच्या दंग्यांनंतर झालेल्या १८७९ च्या कायद्याने सावकार व शेतकरी यांच्यात समेट घडविणारे अधिकारी नेमले. १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली आणि जमिनीचे तंटे गावातच मिटविले. पुढे १९८७ च्या कायद्याने लोकन्यायालयांना वैधानिक रूप दिले, २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आली, आणि २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. लोकन्यायालयाचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नाही.

अपील नाही, हा लाभ म्हणून सांगितला जातो. तो कोणाचा लाभ, हे विचारणे समाजवाद्यांचे काम आहे.

कोकणाला 'तडजोड' या शब्दाचा कडू अनुभव आहे. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. तत्पूर्वीच १९४८ चा कूळकायदा आला होता. त्याच्या अंमलबजावणीची पाहणी दांडेकर व खुदनपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केली. तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. कुळांनी जमिनींचे जे 'स्वखुशीचे' राजीनामे दिले होते, त्यांतील खुशी किती संशयास्पद होती, हे त्यातून दिसले. कागदावर समेट, व्यवहारात बेदखली! कुळाने जमीन सोडावयाची तर ती लेखी आणि मामलेदारासमोर पडताळून, असे कायदा सांगतो तो उगाच नव्हे. एखादा इसम कूळ आहे की नाही, हा प्रश्न दिवाणी न्यायालयालाही ठरविता येत नाही. तो मामलेदाराकडे पाठवावा लागतो. तेथे गावच्या पंचांनी तो ओटीवर बसून निकालात काढावा, हे कसे चालेल?

आज कुळाच्या जागी बहीण आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. २००५ साली वडील हयात असण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आणि तरीही गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटेल या धास्तीने ती सही करते. या सहीला न्यायालयात दबाव म्हणता येईल. पण भाऊबंदांच्या बैठकीत तिला समंजसपणा म्हणतात.

तिसरी गोष्ट गावकीची. गावकीचा निवाडा न मानणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकण्याचे प्रकार रायगड-रत्नागिरीत इतके घडले की, सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या पंचाच्या हाती विहीर आणि पालखी बंद करण्याची सत्ता आहे, तो मध्यस्थ नव्हे.

याचा अर्थ मध्यस्थी टाकाऊ ठरते असा नाही. दोन समबल भावांमध्ये ती न्यायालयाहून सरस आहे. न्यायालय हिस्सा देते, सोय पाहण्यास त्याला फारसा वाव नसतो. मुंबईच्या भावाला घरातील दोन खोल्या व हप्त्याने रक्कम, गावच्या भावाला कलमे, पाटाचे पाणी दोघांना पाळीने, अशी वाटणी मध्यस्थच सुचवू शकतो. कौटुंबिक व्यवस्थेच्या अशा प्रामाणिक समझोत्याला सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच भक्कम आधार दिला आहे. मात्र हक्क निर्माण करणारा दस्त असेल तर तो नोंदवावा लागतो. रेल्वे व महामार्गामुळे जमिनीचे भाव चढले, तसे एकाच भावाचा अविभक्त हिस्सा विकत घेऊन घरात शिरणारे त्रयस्थही वाढले. त्यांना घराबाहेर ठेवण्यासाठी १८९३ च्या वाटप कायद्याचे कलम ४ आहे: त्रयस्थाने वाटपाचा दावा लावला, तर कुटुंबाला त्याचा हिस्सा किंमत देऊन घेता येतो. भावांचा समेट वेळेवर झाला, तर ती किंमत उभी करता येते.

कार्यकर्त्याला अशा बैठकीचे बोलावणे येईल तेव्हा त्याने प्रथम तलाठ्याकडून जुने फेरफार काढावेत. 'कूळ, खंड व इतर अधिकार' या रकान्यात कोणाचे नाव होते आणि ते केव्हा, कशाच्या आधारे गेले, हे वाचावे. मग बहिणींना पत्रे धाडावीत आणि त्या येईपर्यंत बैठक तहकूब ठेवावी.