माऊस आपल्याच हातात हवा



विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी संगणक काही बंद पडले नाहीत. मात्र सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या पूर्वीसारख्या आपोआप येणे थांबले. विंडोज ११ प्रत्येक जुन्या यंत्रावर बसत नाही. मग धडधाकट संगणक भंगारात द्यायचा काय? त्यावर लिनक्स घालता येते. उबुंटू हे त्याचे एक परिचित, विनामूल्य रूप. पण 'आता या वयात नवे काय शिकायचे?' हा प्रश्न आडवा येतो.

मंडळी, वयापेक्षा भीती मोठी असते. भलतेच बटण दाबले आणि वीस वर्षांचे लेखन, घराचे कागद, मुलीच्या लग्नाचे फोटो गेले तर? ही भीती रास्त आहे. म्हणून आधी सगळ्याची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क कपाटात ठेवा. मग मन मोकळे होते.

खेड्यात मुलाला विहिरीत उतरवताना पाठीला सुका भोपळा बांधत. उबुंटूचा भोपळा म्हणजे पेनड्राइव्ह. उबुंटूच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती रिकाम्या पेनड्राइव्हवर खास प्रोग्रॅमने चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की 'वापरून पाहा' असा पर्याय येतो. तो निवडा, 'इन्स्टॉल'ला हात लावू नका. आतली डिस्क तुम्ही स्वतः उघडून छेडली नाही, तर ती जशीच्या तशी राहते. सेटिंगमध्ये हवा तो गोंधळ घाला; संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की पाटी कोरी.

रोज एकच काम घ्या. आज इंटरनेट जोडा, उद्या प्रिंटर, परवा एक पत्र लिहून दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठवा. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तिथेही आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. जुन्या टंकयंत्रावर 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क उमटवत; इथे उच्चाराप्रमाणे आधी क, मग वेलांटी. विंडोजवर ही सवय झालेली बोटे उबुंटूवरही चालतात.

पुढे धीर आला की टर्मिनलची काळी खिडकी उघडा. 'पीडब्ल्यूडी' टाइप केले की आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते कळते. आपल्याकडे ही अक्षरे ऐकली की रस्त्यावरचे खड्डे आठवतात. इथे ती पत्ता सांगतात. 'एलएस' म्हटले की फोल्डरमधल्या फाइलींची यादी येते. 'आरएम' मात्र जपून. त्याने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते.

वृत्ताचे लघु-गुरू पुस्तकात वाचून समजतात, पण ओळ रचायला बसल्याशिवाय कानात मुरत नाहीत. संगणकाचेही तसेच आहे. हेलसिंकीतला लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी घरच्या संगणकाशी खटपट करीत होता. त्या खटपटीतूनच १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जन्मला. आज तोच गाभा प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे.

शेवटी घरातल्या तरुणांना एक विनंती. आजोबा अडले की तुम्ही माऊस हातातून घेता आणि चार क्लिकमध्ये काम उरकता. काम होते, शिकणे राहून जाते. पुढच्या वेळी पुन्हा तुमची वाट पाहावी लागते. हात पाठीमागे बांधून शेजारी बसा. कुठे पाहायचे ते तोंडाने सांगा. वेळ लागेल, लागू द्या. आणि आजोबा-आजींनो, तुम्हीही माऊस सोडू नका.