पोटातील जंत आणि घरातील अशक्त माणूस



वजूमुळे स्वच्छतेचा धडा आपण रोज पाच वेळा गिरवतो. परंतु नितळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी पाण्यावाटे आतड्यात शिरतो. धडधाकट माणसाचे जुलाब बहुधा १-२ आठवड्यांत थांबतात. एचआयव्हीबाधित किंवा मूत्रपिंड बदललेला रुग्ण मात्र महिनोन्‌महिने झिजू शकतो. क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेने हा जीव मरत नाही. अशा रुग्णाला पाणी १ मिनिट खळखळून उकळून, झाकून निववूनच द्यावे.

दुसरा शत्रू स्ट्राँगिलॉइडिस हा जंत. ओल्या मातीत अनवाणी राबणाऱ्याच्या तळपायातून तो शिरतो आणि वर्षानुवर्षे निमूट राहतो. स्टेरॉइड सुरू झाले की तो सर्वांगात पसरून प्राणावर बेतू शकतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी त्याला पुरत नाही. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकरी-मजूर कुटुंबांनी असे उपचार सुरू होण्यापूर्वी आपले शेतीकाम डॉक्टरांना सांगावे व तपासणीविषयी विचारावे.

आणि लाजेपोटी कोणताही आजार लपवू नका. लपवलेल्या दुखण्यावर इलाज कोण करणार?