आपले ताट आणि मांजराची वाटी

(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला दिलेला विषय ‘पंचशील आणि रोजचा आहार’ असा आहे. पण वस्तीत आमची ओळख दुसरीच आहे. ‘ते दूध न पिणारे, पण मांजरांना मासे घालणारे’ असे म्हटले की कुणीही आमचे घर दाखवते. तेव्हा त्याच अंगाने बोला, असे कार्यकर्त्यांनी सांगितले. आम्हालाही ते बरे वाटले.

आमच्या घरात चार माणसे आणि दोन मांजरे. माणसांसाठी मांस, मासे, अंडी, दूध, तूप, मध यातले काही शिजत नाही की येत नाही. याला व्हीगन आहार म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. मांजरे मात्र मासे खातात, कोंबडी खातात. यावर लोक आम्हाला दोन प्रश्न विचारतात. पहिला जरा हळू आवाजात, ‘म्हणजे तुम्ही आता त्यांच्यासारखे झालात का?’ आणि दुसरा मोठ्याने, हसत हसत, ‘मग मांजरालाही वरणभात घाला की!’

पहिला प्रश्न अवघड आहे, म्हणून आधी तोच घेऊ. तो विचारणाऱ्यांचे आम्हाला मुळीच वाईट वाटत नाही. ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न आपल्या लोकांना भुकेची चौकशी म्हणून कधी विचारलाच गेला नाही. तो जात काढण्यासाठी विचारला गेला. आजही भाड्याने खोली बघायला गेले की घरमालक आडनाव ऐकतो, थोडा थांबतो आणि मग म्हणतो, ‘नॉनव्हेज चालत नाही हं आमच्याकडे.’ त्याचा अर्थ आपल्याला बरोबर कळतो. त्यामुळे आपल्यातल्या कुणी मटण सोडले म्हटले की म्हाताऱ्या माणसांच्या मनात शंका येते. ती यायलाच पाहिजे.

पण आपल्या समाजाने ताटातला घास पूर्वीही एकदा सोडलेला आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे आपल्या लोकांना सांगितले. ज्या परिषदेनंतर चवदार तळ्यावर पाणी प्यायलो, तीच ही परिषद. घरात दुसरे काही नसताना आपल्या आजा-पणज्यांनी ते ऐकले. ते सोवळ्यासाठी सोडले नाही, स्वाभिमानासाठी सोडले. आणि बाकीचे मांस? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आठवा. त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मांस न खाण्याची नाही. ज्यांना त्यात ती घुसडायची आहे त्यांनी आधी प्रतिज्ञा नीट वाचाव्यात. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या मांसालाही बंदी आली. गरिबाच्या ताटातला स्वस्त घास गेला आणि त्याला कुणी विचारलेही नाही. सरकारने काढून घेणे वेगळे आणि आपण समजून सोडणे वेगळे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात आपल्या मराठवाड्यातल्या चुलींवरचे पदार्थ नोंदवलेले आहेत. आम्ही मांस खात नाही, पण ते पुस्तक आमच्या घरात आहे आणि पोरांनी ते वाचावे असे आम्हाला वाटते.

आता धम्माकडे येऊ. देवदत्ताने भगवंतांकडे पाच मागण्या केल्या होत्या, हे विनयपिटकात आहे. भिक्खूंनी मासे-मांस खाऊ नये, ही त्यातली एक. भगवंतांनी ती सक्ती मान्य केली नाही. जीवक सुत्तात त्यांनी भिक्खूंना मर्यादा घालून दिली. आपल्यासाठी प्राणी मारला, असे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल तर ते मांस घेऊ नये. महायान परंपरेतल्या लंकावतार सूत्रात मात्र मांसाला साफ नकार आहे. म्हणजे बौद्ध जगातही या बाबतीत एकच मत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, जो महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये छापला गेला, बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना एक भेद सांगितला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. शिवाय अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याच्या विवेकावर काम सोपवते.

मित्रहो, आमचे सगळे घर या एका भेदावर चाललेले आहे. आम्हाला पगार आहे, कोपऱ्यावर वाण्याचे दुकान आहे, भाजी दारात येते. आम्हाला मांसाची गरज उरलेली नाही, म्हणून सोडले. ज्या बाईला डॉक्टरने अंडी खायला सांगितलीत, जो कोळी मासळीवर जगतो, त्याचा हिशेब वेगळा. घरातल्या आजी महिन्यातून एकदा लेकीकडे जाऊन मटण खाऊन येतात. आम्ही विचारत नाही, त्याही सांगत नाहीत. तोंडावरच्या समाधानावरून कळते.

दुधाचे काय, हे बायका फार विचारतात. गाय-म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. म्हणजे दर वेताला एक वासरू आले. ते गोऱ्हा असले किंवा नर पारडू असले तर दुधाच्या धंद्यात त्याचा उपयोग काय? आणि भाकड झालेल्या जनावराचे पुढे काय होते? खेड्यातून आलेल्यांना हे आम्ही सांगायला नको. जो दूध-तूप पवित्र म्हणून खातो आणि मटण खाणाऱ्याला हलका समजतो, त्याने त्याच गायीच्या गोऱ्ह्याची चौकशी केलेली नसते. तेव्हा पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, आम्ही ‘त्यांच्यासारखे’ झालेलो नाही. त्यांच्या पावित्र्याचे तूपच आमच्या घरात नाही!

रोजचे जेवण म्हणाल तर त्यात नवल काही नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, तांदुळजा, हुलग्याचे शेंगोळे, जवसाची चटणी, कारळाची चटणी, शेंगदाण्याचा ठेचा. आपल्या आयांनी आपल्याला याच्यावरच वाढवले. चहा कोरा. पूर्वी दूध परवडत नाही म्हणून कोरा पीत, तो आता आम्ही गवती चहा घालून आवडीने पितो. दह्याची आठवण फार आली तर शेंगदाणे भिजवून, वाटून, त्याचे दूध गाळून विरजता येते. हिरव्या मिरचीची देठे टाकून विरजण लावतात. पहिल्या खेपेला बेताचेच लागते, नंतर जमते. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्राम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त. बदामाचे दूध वगैरे महागाच्या बाटल्यांच्या नादी लागू नका, त्यात बहुतेक पाणी असते.

एक गोष्ट मात्र भाकरी-भाजीतून मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते कमी पडले तर हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, रक्त कमी होते, आणि फार दिवस दुर्लक्ष केले तर नसांचे कायमचे नुकसान होते. म्हणून हा आहार घेणाऱ्याने बी-१२ ची गोळी घ्यायचीच, यात वाद नाही. लहान मुले आणि पोटुशी बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले काही करू नये. तत्त्वापायी लेकराला अशक्त ठेवणे ही अहिंसा नव्हे.

आता मांजर. जातककथांत मांजराचे नाव फारसे बरे नाही. बिळारजातक तुम्ही ऐकले असेल. एका पायावर उभा राहून तपश्चर्येचे सोंग करणारा आणि रांगेतला शेवटचा उंदीर गुपचूप मटकावणारा. गंमत अशी की त्या कथेत सोंग करतो तो कोल्हा, आणि नाव मात्र पडले मांजराचे! मांजर बिचारे सोंग करीत नाही. त्याला मांस लागते आणि ते तसे स्पष्ट सांगते, सकाळी साडेपाचला, आपल्या छातीवर बसून.

त्याला वरणभात का चालत नाही, ते सांगतो. टॉरिन नावाचे एक द्रव्य प्राण्यांच्या मांसात असते. माणसाचे शरीर ते स्वतः बनवते, कुत्र्याचेही बहुतेक बनवते. मांजराचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो आणि ते आंधळे होऊ शकते. १९८७ मध्ये कळले की त्याचे हृदयही त्यामुळे फुगते आणि दुबळे पडते. त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवले गेले. गाजर-पालक खाऊन आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, मांजराला तेही जमत नाही. परदेशात कृत्रिम टॉरिन घातलेले वनस्पतींचे मांजरखाद्य मिळते. पण ते खाऊन मांजरे चांगली राहतात असे सांगणारे अभ्यास बरेचसे मालकांच्या सांगण्यावर आधारलेले आहेत. आमचे मांजर आमच्या मतांची परीक्षा घेण्याची जागा नव्हे. शील आम्ही घेतले आहे, मांजराने घेतलेले नाही. आपले शील दुसऱ्याच्या पोटावर लादायचे, तेही दार बंद करून पाळलेल्या मुक्या जिवावर, हे आम्हाला पटत नाही.

आणि दूधपोळी? ती तर मांजराची ठरलेलीच, असे आपल्याकडं मानतात. पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडते. तेव्हा दूध बंद केल्याने आमच्या मांजरांचे काही गेले नाही. वाटीभर स्वच्छ पाणी त्यांना पुरते.

आम्ही बाजार उठताना कोळणीकडून माशांची डोकी आणि बारीक मासळी आणतो. कोंबडीवाल्याकडून पेटा आणि हृदय आणतो, कधीमधी थोडी कलेजी. कलेजी रोज नको, तिच्यातले अ जीवनसत्त्व मांजराला जास्त होते. सगळे वाफवून, काटे-हाडे काढून, मीठ-मसाल्याशिवाय. कच्चे मासे नेहमी घालू नयेत. मीठ लावून वाळवलेली सुकट किंवा बोंबील जेवण म्हणून नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, तो मांजराच्या रक्ताला विषारी असतो, म्हणजे आपल्या कालवणात कालवलेला भातही नको. शिवाय घरी शिजवलेल्यात टॉरिन नेमके किती, हे मोजता येत नाही, म्हणून तयार खाद्यही अधूनमधून देतो. मांजराचे पातेले वेगळे आहे. वेगळे भांडे म्हटले की आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते विटाळासाठी नाही, कांद्या-मसाल्यासाठी आहे. आणि पातेले घासतो तो आम्हीच.

टाकून दिली जाणारी डोकी आणली म्हणजे हात स्वच्छ राहिले का? थोडी पळवाट त्यात आहे, असे कुणी म्हटले तर आम्ही भांडणार नाही. मासा मांजरासाठी मारला नव्हता, एवढेच जीवक सुत्ताच्या आधाराने म्हणता येते. पण मांजर पाळायचे ठरवले तेव्हाच त्याची भूक आपण स्वीकारली. तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याची आहे. दया करणे त्या मानाने सोपे असते, पालन करायला रोज सकाळी उठावे लागते.

त्या पालनात आणखी काय येते ते थोडक्यात सांगतो. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते, म्हणून नसबंदी वेळेवर करून घ्या. पिल्ले पोत्यात भरून खाडीकाठी सोडण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. रेबीजची लस टोचून घ्या. कुणाला मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर हळद-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये, घरातल्या पुरुषाने काढावी. ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीने ते मरू शकते. आणि हौस म्हणून हजारो रुपये मोजून पर्शियन मांजर आणू नका. उपासकाने न करण्याचे पाच व्यापार भगवंतांनी सांगितले, त्यात प्राण्यांचा व्यापारही आहे. आपल्या वस्तीत बिनमोलाची मांजरे काय कमी आहेत?

त्याचेच सांगतो आणि थांबतो. विहाराच्या मागच्या जिन्याखाली एका मांजरीने तीन पिल्ले घातली आहेत. दोन पांढरी-करडी आणि एक काळे. काळे आडवे गेले म्हणून कालच एक उपासक दोन पावले मागे सरकले, ते आम्ही पाहिले, नाव सांगत नाही. पिल्ले आता पाच आठवड्यांची आहेत. आठ आठवड्यांच्या आधी त्यांना आईपासून तोडू नका. ज्यांना न्यायची आहेत त्यांनी समितीकडे नाव द्यावे, पण घरातल्या सर्वांना विचारून द्यावे, आणि मासळीचे काय करणार तेही ठरवून. मांजरीच्या नसबंदीसाठी समितीच्या टेबलावर डबा ठेवला आहे.

भोजनदानातली आजची खीर नारळाच्या दुधाची आहे. आजींनी पहाटेपासून बसून नारळ खवले. दाट दूध शेवटी घातले आणि नंतर उकळी येऊ दिली नाही, म्हणून ती फुटलेली नाही. सुजाताच्या खिरीशी तिची तुलना करू नका, पण दोनदा मागून घ्या.

जयभीम. नमो बुद्धाय.