कॉलेजची तयारी आठवीपासून
(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



बाप्पा विद्येची देवता, म्हणून दर वर्षी या मांडवात मुलांचे सत्कार होतात. बारावीच्या मार्कांचं कौतुक होतं आणि चार दिवसांनी तेच पालक विचारतात, "मार्क आहेत हो, पण प्रवेश कुठे मिळेल?" मंडळातले आम्ही काही जण याची उत्तरं शोधत असतो. त्यातून जे कळलं, ते आज सांगतो.

आपल्यापैकी अनेकांना इथे येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली. कारखान्यांत नोकऱ्या केल्या, घरं बांधली, मुलं इथेच जन्मली. पण फॉर्मवर 'राज्य कोणतं?' हा रकाना आला की आपण अडखळतो. घरी मराठी बोलतो आणि गावी शेत आहे, एवढ्याने मूल महाराष्ट्राचं ठरत नाही.

मेडिकलचंच घ्या. राज्यांच्या सरकारी कॉलेजांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, 85 टक्के त्या त्या राज्याच्या. महाराष्ट्राच्या जागांसाठी अधिवासाचा दाखला तर लागतोच, शिवाय सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी, दोन्ही तिथूनच झालेल्या लागतात. कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मुलांना जी सवलत आहे, ती आपल्याला नाही. सिल्वासात 2019 पासून मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या स्थानिक जागांसाठी रहिवासाबरोबर इथलं शिक्षणही पाहिलं जातं. आता समजा, मुलीची दहावी इथे झाली आणि अकरावीला तिला लातूरला पाठवलं. महाराष्ट्रात दहावी आड येते, इथे बारावी आड येऊ शकते. क्लास कितीही उत्तम असो, हा हिशेब आठवीतच मांडायला हवा.

इंजिनिअरिंगचं थोडं वेगळं आहे. एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या, आणि गृहराज्य ठरतं ते बारावी जिथून केली त्यावरून. इथून बारावी केली तर गोव्याची एनआयटी आपली. मात्र बारावीला 75 टक्के हवेत, किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. राखीव गटांना यात सूट आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसाठी आई किंवा वडिलांकडे तिथला अधिवासाचा दाखला असेल तर एक वाट उघडते.

म्हणून वर्षं वाटून घ्या. आठवी-नववीत कागद बघा: जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते. रहिवासाच्या दाखल्यासाठी मामलतदार कचेरीत वेळेत जा. महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथल्या राखीव जागांना आपोआप चालत नाही, तेही आधी विचारून घ्या. दहावीत मुलाचा कल बघा. अकरावी 'आरामाचं वर्ष' समजू नका. नीट आणि जेईईत अकरावीचाही अभ्यासक्रम असतो. बारावीत जेईई मेन दोनदा देता येते, नीट वर्षातून एकदाच. नीटचा पेपर मराठीतून हवा असेल तर केंद्र महाराष्ट्रातलं निवडावं लागतं. बीए, बीकॉम, बीएस्सीला केंद्रीय विद्यापीठात जायचं तर 2022 पासून सीयूईटी आहे.

आणि सगळ्यांनी डॉक्टर-इंजिनिअरच्या रांगेत उभं राहायला हवं असंही नाही. कराडला, म्हणजे साताऱ्याच्या नव्हे, आपल्या सिल्वासाजवळच्या कराडला, सरकारी पॉलिटेक्निक आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्या घरात एकाच्या पगारावर दोन मुलांचं शिक्षण आहे, तिथे हा रस्ता कमी प्रतीचा मुळीच नाही.

नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाला मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल, असं धरून चालू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. इंग्रजी अवघड वाटली तर घेऊन या, आपण मिळून वाचू. शिफ्ट सांभाळून तुम्ही मुलांसाठी एवढं करता, ते एका कागदावाचून अडू नये, एवढंच बाप्पाकडे मागणं.

गणपती बाप्पा मोरया!